लढाऊ विमानांचा खर्च, सरकारी हिशेब आणि मते मागायला आलेला उमेदवार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसभेच्या उमेदवाराला रस्ता, पाणी आणि कांद्याचा भाव विचारायला आपण कचरत नाही. हवाई दलाच्या हजारो कोटींच्या खरेदीचा विषय निघाला की मात्र विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही गडबडतात. नाशिक परिसरातल्या मतदारांना तरी हा विषय दूरचा नाही, कारण सुखोई विमाने ओझरलाच बांधली जातात आणि तेजसही आता तेथे बांधले जात आहे. गेल्या काही निवडणुकांत लोकांनी आम्हाला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत.

विमानांच्या किमतीविषयी उमेदवाराला विचारणे म्हणजे देशाच्या सुरक्षेत ढवळाढवळ नव्हे काय?

नव्हे. विमानाचे रडार किती अंतरावरचे पाहते, त्यावर कोणते क्षेपणास्त्र कोणत्या सॉफ्टवेअरने जोडले आहे, ते कोणत्या तळावर किती संख्येने ठेवले आहे, हे गुपित आहे आणि ते गुपितच राहिले पाहिजे. विमानासाठी करदात्याचे किती पैसे गेले, ते कोणत्या शीर्षाखाली दाखवले आणि महालेखापरीक्षकांनी (सरकारी खर्च तपासणारे घटनात्मक अधिकारी, म्हणजेच कॅग) त्यावर काय शेरा मारला, हा मात्र हिशेब आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५१ नुसार महालेखापरीक्षकांचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे ठेवावे लागतात आणि त्यात संरक्षण खात्याला सूट दिलेली नाही. संसदेपुढे जे ठेवायचे, त्याविषयी संसदेत जाऊ इच्छिणाऱ्याला विचारण्यात गैर ते काय?

मग 'एका विमानाची किंमत किती?' एवढेच विचारले तर चालणार नाही का?

चालेल, पण त्याचे उत्तर कोणीही कसेही देऊ शकतो. राफेलच्या बाबतीत नेमके हेच झाले.

तारखा आधी पाहू. १२६ बहुउद्देशीय लढाऊ विमानांसाठी निविदा २००७ साली निघाली आणि जानेवारी २०१२ मध्ये दासो कंपनीचे राफेल सर्वांत कमी बोलीचे ठरले. १८ विमाने तयार स्थितीत घ्यायची आणि १०८ सरकारी मालकीच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने देशात बांधायची, असा तो प्रस्ताव होता. करार मात्र झाला नाही. एप्रिल २०१५ मध्ये पॅरिसमध्ये ३६ विमाने थेट घेण्याची घोषणा झाली आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी दोन्ही सरकारांमधील करारावर दिल्लीत सह्या झाल्या. आपल्या बाजूने सही करणारे संरक्षणमंत्री गोव्याचे मनोहर पर्रीकर होते. कराराची रक्कम सुमारे ७.८७ अब्ज युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण ५९,००० कोटी रुपये होती.

दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, संरक्षण राज्यमंत्री आणि धुळ्याचे खासदार सुभाष भामरे यांनी लोकसभेतल्या लेखी उत्तरात एका विमानाची किंमत सुमारे ६७० कोटी रुपये सांगितली. आता ५९,००० ला ३६ ने भागून पाहा. भागाकार १,६३९ कोटींच्या आसपास येतो. हे दोन्ही आकडे खरे आहेत. ६७० कोटींच्या आकड्यात सोबतची उपकरणे, शस्त्रास्त्रे, भारतासाठी खास केलेल्या सुधारणा, देखभाल आणि सेवा धरलेल्या नाहीत, असे सरकारने मार्च २०१८ मध्ये राज्यसभेतल्या उत्तरात स्पष्ट केले. दुसऱ्या आकड्यात हे सारे आहे. २०१९ च्या प्रचारात एका बाजूने १,६०० कोटींच्या पुढचा आकडा घेऊन तो न झालेल्या कराराच्या ५२६ कोटींशी ताडला आणि दुसऱ्या बाजूने ६७० वर बोट ठेवले. निव्वळ विमानाची तुलना संपूर्ण संचाशी करणे म्हणजे एका घराचे बांधकाम आणि दुसऱ्या घराचे बांधकाम, फर्निचर व दहा वर्षांची डागडुजी यांचे भाव शेजारी मांडणे होय. आमच्या मते तेव्हा दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना हे ठाऊक होते.

म्हणून प्रश्न असा विचारावा: 'आपण सांगता त्या किमतीत शस्त्रे, सुटे भाग, प्रशिक्षण, देखभाल आणि कर यांपैकी काय धरले आहे, आणि हे रुपये कोणत्या वर्षीचे आहेत?' शेवटचा भाग गाळू नये. २००७ चा युरो आणि २०१६ चा युरो दराने आणि क्रयशक्तीने एक नव्हेत.

राफेलविषयी महालेखापरीक्षकांनी नेमके काय म्हटले होते? कोणी म्हणतो व्यवहार स्वस्त पडला, कोणी म्हणतो कॅगने ताशेरे ओढले.

हा अहवाल १३ फेब्रुवारी २०१९ रोजी संसदेत मांडला गेला. त्यातल्या तीन गोष्टी मतदाराने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली अशी की, २००७ च्या बोलीला नव्या अटींनुसार जुळवून घेऊन तुलना केल्यावर नवा व्यवहार एकूण २.८६ टक्क्यांनी स्वस्त पडला, असे लेखापरीक्षकांनी नमूद केले. संरक्षण मंत्रालयाचा दावा नऊ टक्क्यांचा होता. नुसत्या विमानाच्या मूळ किमतीत फरक नव्हता, तर बचत मुख्यतः भारतासाठी केलेल्या सुधारणांच्या खर्चात दिसली. म्हणजे 'स्वस्त पडले' हे म्हणणे खोटे नाही, पण जितके सांगितले गेले तितके ते खरेही नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. तातडीची गरज म्हणून थेट खरेदी केली, असे सांगितले गेले होते. अहवालानुसार नव्या करारात ३६ विमाने ७१ महिन्यांत मिळायची होती आणि जुन्या प्रस्तावाच्या हिशेबाने ७२ महिन्यांत. फरक एका महिन्याचा आहे.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले गेले. मंत्रालयाच्या आग्रहावरून अहवालातल्या किमती झाकलेल्या आहेत. किमतीचा तक्ता उघडून पाहिला तर युरोच्या रकान्यात संख्येऐवजी रोमन अक्षरे बसवलेली दिसतात, आणि शेजारच्या रकान्यात मात्र टक्केवारी दिलेली असते. एक अक्षर दुसऱ्या अक्षरापेक्षा काही टक्क्यांनी कमी आहे, एवढेच वाचकाच्या हाती लागते. हे गणित वाचकाला स्वतः पडताळून पाहता येत नाही.

तारखेकडेही पाहावे. १३ फेब्रुवारी हा सोळाव्या लोकसभेच्या अखेरच्या अधिवेशनाचा अखेरचा दिवस होता. अहवाल पटलावर आला, सभागृह उठले आणि खासदार प्रचाराला गेले. संसदेच्या लोकलेखा समितीने अहवाल तपासायचा असतो, पण त्या सभागृहाच्या समितीला त्यासाठी वेळच उरला नाही. त्याआधी दोन महिने, १४ डिसेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात, कॅगचा अहवाल लोकलेखा समितीने तपासला असल्याचे वाक्य आले होते. तेव्हा अहवाल तयारच झालेला नव्हता. समितीचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी असा अहवाल आपण पाहिलेलाच नाही असे सांगितले आणि न्यायालयाला बंद लिफाफ्यात दिलेल्या आपल्या मजकुराच्या व्याकरणाचा चुकीचा अर्थ लागला, असे म्हणत केंद्र सरकारने दुरुस्तीचा अर्ज केला. न्यायालयाने चौकशीची मागणी फेटाळली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या, हेही तितकेच खरे आहे. 'न्यायालयाने फेटाळले, मग आता काय विचारता?' असे उमेदवार म्हणाला, तर त्याला नम्रपणे सांगावे की, किमतीच्या तपशिलात जाणे हे आपले काम नव्हे, असे न्यायालयानेच म्हटले होते. हिशेब तपासण्याचे काम संसदेच्या समितीचे आहे आणि उमेदवार त्याच संसदेत जायला निघाला आहे.

अर्थसंकल्पात हा खर्च कोठे सापडतो?

केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाच्या चार मागण्या (संसदेच्या मंजुरीसाठी मांडलेले खर्चाचे स्वतंत्र भाग) असतात: मंत्रालयाचा नागरी खर्च, सैन्यदलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन. नवी विमाने भांडवली खर्चात, मुख्य शीर्ष ४०७६ खाली येतात. विमानांचे इंधन, दुरुस्ती आणि वैमानिकांचे पगार महसुली खर्चात असतात. 'आम्ही विमानांवर इतका खर्च केला' असे कोणी म्हटले की तो कोणत्या मागणीतला, हे लगेच विचारता येते.

२०२५-२६ साठी संरक्षणाची एकूण तरतूद ६.८१ लाख कोटी रुपये होती, त्यांपैकी १.८० लाख कोटी भांडवली खर्चाला, आणि त्यातले ४८,६१४ कोटी विमाने व विमानांच्या इंजिनांसाठी. भाषणात नेहमी पहिला आकडा येतो, कारण तो सर्वांत मोठा असतो.

कागद हाती असेल तर रकान्यांची नावे नीट वाचावीत. अर्थसंकल्पीय अंदाज म्हणजे करायचे ठरवलेले, सुधारित अंदाज म्हणजे वर्ष सरत आल्यावर बदललेले, आणि प्रत्यक्ष खर्च म्हणजे खरोखर झालेला. प्रत्यक्ष खर्चाचा रकाना दोन वर्षांपूर्वीचा असतो. २०२४-२५ मध्ये संरक्षणाच्या भांडवली खर्चाला १.७२ लाख कोटी दिल्याची जाहिरात झाली आणि पुढच्या अर्थसंकल्पात त्याच वर्षाचा सुधारित अंदाज १,५९,५०० कोटी दिसला. सुमारे साडेबारा हजार कोटी वापरले जाणार नव्हते. मथळा पहिल्या आकड्याला मिळाला आणि दुसरा आकडा तक्त्यात राहून गेला. निवडून आल्यास हा फरक सभागृहात विचारणार का, असा प्रश्न सत्तारूढ पक्षाच्या उमेदवारालाही अडचणीचा वाटू नये.

ओझरच्या विमानांविषयी काय विचारावे?

डिसेंबर २०२४ मध्ये १२ सुखोई-३० विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी सुमारे १३,५०० कोटी रुपयांचा करार झाला. त्यात कर आणि सोबतची उपकरणे धरलेली आहेत. ही विमाने नाशिक विभागात बांधायची आहेत. तेजस मार्क-१ए च्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे ४८,००० कोटींना झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा करार ६२,३७० कोटींना, कर वगळून, झाला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या तेजस उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले आणि तेथे बांधलेले पहिले विमान त्या दिवशी आकाशात झेपावले. ओझर आणि पिंपळगाव परिसरात त्या दिवशी अभिमान होता आणि तो रास्त होता.

प्रश्न त्यानंतरचे आहेत. पहिल्या ८३ पैकी विमाने २०२४ च्या सुरुवातीपासून हवाई दलाला मिळू लागायची होती. ती मुदत टळली. अमेरिकेतून येणारी इंजिने रखडली, हे एक कारण जाहीरपणे सांगितले गेले. उशिराबद्दल करारात दंडाची तरतूद आहे का, असल्यास तो कोणाकडून किती वसूल झाला, आणि कारखाना सरकारी असल्यामुळे दंड एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो का, हे विचारावे. मिग-२१ विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाली. मंजूर ४२ स्क्वाड्रनच्या (लढाऊ विमानांच्या तुकड्यांच्या) जागी हवाई दलाकडे २९ उरल्या आहेत. त्यामुळे उशिराची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही.

'स्वदेशी' या शब्दावरही थांबावे. तेजसच्या मूळ प्रकल्पाला १९८३ साली ५६० कोटी रुपये मंजूर झाले होते. महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालाने पहिल्या आवृत्तीत ५३ उणिवा मोजल्या आणि स्वदेशी भागांचे प्रमाण सुमारे ३५ टक्के असल्याचे म्हटले, तर अंदाज ७० टक्क्यांचा दिला जात होता. त्यानंतर विमान बरेच सुधारले आहे. आज हे प्रमाण कशाने मोजतात, भागांच्या संख्येने की किमतीने, एवढाच प्रश्न पुरतो, कारण दोन्ही मापांनी उत्तर वेगवेगळे येते.

विधानसभेच्या किंवा महापालिकेच्या उमेदवाराला हे विचारावे का?

संरक्षण हा संघसूचीतला, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला विषय आहे. नगरसेवकाला राफेलची किंमत विचारणे म्हणजे त्याची सुटका करण्यासारखे आहे, कारण गटाराविषयी बोलण्यापेक्षा त्याला ते कितीतरी सोपे जाईल. विधानसभेच्या उमेदवाराचा संबंध जमीन, वीज, सवलती आणि रोजगार यांपुरता येतो.

नागपूरच्या मिहानचा आणि बडोद्याला गेलेल्या प्रकल्पाचा यात काय संबंध?

हवाई दलाच्या जुन्या ॲव्ह्रो विमानांच्या जागी ५६ सी-२९५ वाहतूक विमाने घेण्याचा २१,९३५ कोटींचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये एअरबसशी झाला. १६ विमाने स्पेनमधून तयार येणार होती आणि ४० टाटा समूह देशात बांधणार होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये कारखाना बडोद्याला होणार हे जाहीर झाले आणि 'आमचा प्रकल्प पळवला' असा गदारोळ महाराष्ट्रात उठला. करार झाला तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी आणि घोषणा झाली तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले. आम्ही हा प्रश्न नेहमी कागदावर आणतो: राज्य सरकारने जागेचा देकार लेखी दिला होता का, कोणत्या तारखेला, आणि त्याला उत्तर काय आले? पत्राचा जावक क्रमांक सांगू शकणारा उमेदवार आम्हाला अजून भेटलेला नाही.

मिहानचा संबंध ऑफसेटशी आहे. परदेशी विक्रेत्याने कराराच्या रकमेचा ठरावीक हिस्सा भारतातल्या उद्योगात किंवा तंत्रज्ञानात परत गुंतवायचा, ही ऑफसेटची अट. राफेल करारात हा हिस्सा ५० टक्के आहे. मिहान या नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रातल्या दासो-रिलायन्स कारखान्याची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली आणि तेथे फाल्कन या प्रवासी जेट विमानाचे भाग तयार होऊ लागले. सप्टेंबर २०२० च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी लिहिले की, दासो आणि क्षेपणास्त्रे बनवणारी एमबीडीए यांनी ऑफसेटमधील ३० टक्के भाग डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेला उच्च तंत्रज्ञान देऊन पूर्ण करण्याचा प्रस्ताव सुरुवातीला दिला होता, पण ते तंत्रज्ञान देण्याची खात्री तोवर दिलेली नव्हती. डीआरडीओला ते कावेरी या देशी विमान इंजिनासाठी हवे होते. विदर्भातल्या लोकसभेच्या उमेदवाराला नोकऱ्यांची संख्या विचाराच, पण त्यापुढे जाऊन विचारा की, ऑफसेटची किती रक्कम आजवर मान्य झाली आणि किती बाकी आहे.

'ही माहिती गोपनीय आहे' असे उमेदवार म्हणाला तर?

हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ओझरजवळच्या एका गावात सभेनंतर पारावर चहा चालला होता. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. राज्यसभेतल्या ६७० कोटींच्या उत्तराची ती प्रत होती आणि 'शस्त्रास्त्रे वगळून' या शब्दांखाली पेन्सिलची रेघ होती. "साहेब, हे वगळलेलं किती, तेवढंच सांगा," ते म्हणाले. उमेदवार म्हणाला, "काका, हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, यात राजकारण नको." काकांनी कागद पुढेच धरून ठेवला. शेवटी बरोबरच्या कार्यकर्त्याने तो घेतला, "कळवतो," म्हणाला आणि गाड्या निघाल्या. काही कळवले गेले नाही.

त्या काकांचा कागद मात्र योग्य होता. फ्रान्सशी २००८ साली झालेल्या गोपनीयतेच्या कराराचा दाखला सरकारने पुढे दिला, पण त्याआधीच विमानाची मूळ किंमत सभागृहात सांगून झाली होती. म्हणून 'गोपनीय' असे उत्तर आले की तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या कायद्याच्या वा कराराच्या कोणत्या कलमाने, कोणाच्या आदेशाने, आणि ही गोपनीयता लोकलेखा समितीच्या बंद दाराआडच्या बैठकीलाही लागू आहे का. तिसऱ्या प्रश्नावर बहुधा शांतता पसरते.

माहितीच्या अधिकारात अर्ज करून भागणार नाही का?

अर्ज अवश्य करावा, दहा रुपये लागतात. कलम ८(१)(अ) सुरक्षेसाठी नकार देऊ देते आणि ८(१)(ड) व्यापारी गुपितासाठी. डीआरडीओ दुसऱ्या अनुसूचीत असल्याने भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे विषय सोडता ती संस्था कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. हवाई दल आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स मात्र कक्षेत आहेत. कलम १० नुसार झाकण्याजोगा भाग झाकून उरलेला देता येतो आणि अर्जात ते कलम आवर्जून लिहावे. नकाराचे पत्र आले तरी ते फेकू नये, कारण उमेदवारापुढे ठेवायला तोच चांगला कागद ठरतो.

दुसऱ्या देशांत मतदार असे विचारतात का?

कॅनडाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०१० साली तेथील सरकारने ६५ एफ-३५ विमाने ९ अब्ज कॅनेडियन डॉलरांत घेण्याचे जाहीर केले. मार्च २०११ मध्ये संसदेचे अर्थसंकल्प अधिकारी केव्हिन पेज यांनी तीस वर्षांचा खर्च धरून सुमारे २९ अब्ज अमेरिकन डॉलरांचा अंदाज दिला. त्याच महिन्यात, खर्चाचे आकडे संसदेला न दिल्याबद्दल, सरकारवर संसदेच्या अवमानाचा ठपका ठेवून अविश्वास ठराव मंजूर झाला आणि निवडणूक लागली. त्या आकड्यांत विमानांचाही खर्च होता. गंमत म्हणजे तोच पक्ष मे महिन्यात बहुमताने परत आला. वर्षभराने महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी दाखवले की, बाहेर १४.७ अब्ज सांगणाऱ्या संरक्षण खात्याच्या आतल्या हिशेबात आकडा २५ अब्जांचा होता.

पुढे २०१५ साली जस्टिन ट्रूडो 'एफ-३५ घेणार नाही' असे सांगत निवडून आले आणि २०२३ मध्ये त्यांच्याच सरकारने ८८ एफ-३५ घेण्याचे ठरवले, १९ अब्ज डॉलरांना. जून २०२५ मध्ये तेथील महालेखापरीक्षकांनी तो अंदाज २७.७ अब्जांवर गेल्याचे सांगितले. विरोधात असताना दिलेल्या वचनाचे पुढे काय होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ही पंधरा वर्षे वाचावीत.

प्रचारात असे प्रश्न विचारणे आचारसंहितेत बसते का?

बसते. निवडणूक आयोगाने मार्च २०१९ मध्ये पक्षांना बजावले होते ते जवानांची छायाचित्रे आणि सैन्यदलांच्या कारवाया प्रचारात वापरू नयेत, असे. मतदाराने हिशेब विचारण्यावर बंधन नाही. प्रश्न विचारताना आपणही वैमानिकांच्या शौर्याकडे विषय नेऊ नये, नाहीतर उमेदवाराला निसटायला वाट मिळते.

प्रश्न विरोधी उमेदवारालाही विचारायचे का?

त्यालाच अधिक कसून विचारावेत. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून संकेताने विरोधी पक्षाकडे असते. शिवाय अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीच्या बारा हेलिकॉप्टरांचा २०१० चा करार, त्यावरचे २०१३ चे महालेखापरीक्षकांचे ताशेरे आणि जानेवारी २०१४ मध्ये तो रद्द होणे, हे सारे आज विरोधात असलेल्यांच्या कारकिर्दीत घडले. हिशेबाची चाड दोन्हीकडे सत्तेबाहेर असताना वाढते.

निवडून आल्यावर त्याने नेमके काय करावे, असे लिहून घ्यावे?

लोकसभेत प्रश्नाची सूचना साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. 'पहिल्या वर्षात विमान खरेदीवर किमान एक प्रश्न विचारीन आणि मिळालेले उत्तर मतदारसंघात प्रसिद्ध करीन,' एवढे एक वाक्य सहीनिशी मागावे. लोकलेखा समितीत २२ सदस्य असतात, तेव्हा तेथे जागा मिळेलच असे कोणी लिहून देणार नाही आणि तसे मागूही नये. संरक्षणाच्या मागण्या बऱ्याचदा चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात, त्या वेळी चर्चेची मागणी तो करील का, हे मात्र विचारावे. कागद दोन प्रतींत करावा. एक त्याला द्यावी, आणि दुसरीवर त्याच्या कार्यालयाचा पोच शिक्का घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी.